वरचा आकडा

पाठीवरचा कागद टाचता टाचता वहिनी म्हणाल्या, “भावजी, तुमचं ब्लडप्रेशर अगदी छान आलंय की. एकशे अठरा, शहात्तर.”

छातीवरचा नंबर मी माझा लावला होता. पाठीवर मॅरेथॉन भरवणाऱ्या संस्थेनं दिलेला दुसरा कागद असतो. त्यावर ‘मी धावतोय’ आणि ‘साठी’ असं छापलेलं असतं, मधली जागा आपण भरायची. मी तिथे ठळक अक्षरांत ‘ढब्बू’ लिहिलं होतं, आणि पाठीवर हात पोचत नाही म्हणून त्याच्या बायकोला म्हटलं होतं, वहिनी, जरा चार पिना लावा. तीन लावून झाल्या होत्या. चौथी लावताना त्या हे बोलल्या, आणि त्या मागे उभ्या असल्यामुळे मला त्यांचा चेहरा दिसला नाही. आवाज नेहमीचाच होता, एखाद्याला पत्ता सांगावा तसा. मी विचारलं, “तुम्ही कुठे बघितलंत?” “अर्जांची फाइल माझ्याकडेच आहे ना. बाकीच्यांनी डॉक्टरची नुसती सही आणलीये. तुम्ही मात्र सगळा रिपोर्ट जोडलाय, छाती, लघवी, रक्त, सगळं.” चौथी पिन बसली. त्यांनी कागदावरून तळहात फिरवून तो सपाट केला. “ह्यांना सांगते. खूश होतील.” मी वळलो तोवर त्या संस्थेच्या टेबलाकडे निघाल्या होत्या, आणि भोंगा वाजला, आणि मागच्या दोन-चारशे माणसांनी मला पुढे ढकललं.

बेचाळीस किलोमीटर. पहिल्या किलोमीटरला कुणी धावत नाही, सगळे एकमेकांच्या टाचा सांभाळत चालतात. माझ्या पुढे एक बाई आईसाठी धावत होती आणि एक जाडा माणूस ‘सर्वांसाठी’ धावत होता. मी विचार करत होतो की त्या ‘छान आलंय की’ मधला ‘की’ कसला होता. सहज बोलताना येतो तो, की ज्यानंतर माणूस उत्तराची वाट बघत थांबतो तो. मला माणसांचं बोलणं तपासायची सवय आहे, माझं पोटच त्यावर चालतं. मी विमा कंपनीचा सर्व्हेयर आहे. गाडी ठोकली की मालक दावा करतो, आणि मग मी जाऊन बघतो की पोचा खरंच परवाचा आहे, की त्याच्या आत गंज धरलाय. वीस वर्षांत एक गोष्ट मी शिकलो, ती नव्या पोरांनाही शिकवतो. खरा माणूस म्हणतो, काय झालं कळलंच नाही साहेब. खोटा माणूस म्हणतो, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती, समोरून पांढरी गाडी आली, तिचा डावा दिवा फुटका होता. खोट्यात तपशील फार असतात. आणि हे ठाऊक असलेल्या मी ढब्बूला सांगितलं होतं, “वरचा आकडा एकशे बावन्न. खालचा अठ्ठ्याण्णव. तीनदा मोजला त्यांनी. असा माणूस चालत नाही म्हणाले.”

त्यानं काही विचारलं नव्हतं, हेच मला सहन होत नाही. त्याच्या चष्म्याच्या दुकानात मी काउंटरच्या अलीकडे उभा होतो, तो पलीकडे स्टुलावर, हाताला पट्टी. आठवड्यातून तीन सकाळी तो मशीनवर असतो, उरलेल्या तीन दिवशी दुकान उघडतो. दोन्ही मूत्रपिंडं गेली त्याला दीड वर्ष झालं. वहिनींना साखर, त्या बाद. थोरला भाऊ समुद्रापलीकडे असतो, तो फोनवर रडला आणि रडून मोकळा झाला. यादीत नंबर लावलाय, यादी हलत नाही. मशीनची सुई जिथून जाते ती हातातली शीर दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा करून बघू म्हणाले, चौथी जागा नाही म्हणाले. अशा वेळी ज्याचा रक्तगट जुळतो आणि जो धडधाकट आहे असा माणूस कोण, तर मी. आणि मी काही गप्प बसलो नव्हतो. ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी, चारचौघांत, टेबलावर हात आपटून मी म्हणालो होतो, “माझी किडनी घ्या एक. दोन घेऊन काय करायचंय मला?” सगळे हसले होते. ढब्बू हसला नव्हता. त्यानं चष्मा काढून पुसला, आणि पुसून झाल्यावरही पुसत राहिला.

तिसऱ्या किलोमीटरला रस्ता रुंद झाला आणि माझे पाय आपोआप लयीत आले. चार महिने पहाटे उठून त्यांना हे शिकवलंय, ते आता माझं ऐकून घेत नाहीत. कमरेच्या पट्ट्यात फोन होता, आणि त्यावरच्या ॲपमुळे मी कुठे आहे ते ढब्बूला त्याच्या फोनवर दिसत होतं. नकाशावर रस्त्याची पिवळी रेघ आणि त्यावर सरकणारा निळा ठिपका म्हणजे मी. काल तो म्हणाला होता, “इन्स्पेक्टर, जन्मभर लोकांचे माग काढलेस, आता तुझा मी काढतो.” तो शेवटच्या रेषेजवळच्या मंडपात खुर्चीवर बसलेला असणार. वहिनी फाइल मिटून त्याच्या शेजारी जाऊन बसणार. सांगते म्हणाल्यात त्या. सांगितलंही असेल. वहिनी सांगतील, अहो, भावजींचं प्रेशर एकशे अठरा आहे. मग तो म्हणेल, हो का. मग दोघांच्या मध्ये तो निळा ठिपका सरकत राहील.

कागद पूर्ण जोडा, असं मी दिवसातून दहादा लोकांना सांगतो. माझ्या टेबलावरून अपुरा अर्ज पुढे जात नाही. संस्थेच्या अर्जावर नुसतं लिहिलं होतं, ‘डॉक्टरांचे प्रमाणपत्र’, आणि माझ्या हातांनी बाकीचे सगळे रिपोर्ट क्रमानं लावले, कोपऱ्यात पिन मारली, वर अनुक्रमणिका लिहिली. डोकं कुठे होतं कुणास ठाऊक. दुसऱ्या कुणाचा अर्ज असता तर मी आनंदानं चहा मागवला असता. स्वतःच्या खोट्या दाव्याला स्वतःच पुरावा जोडून देणारा माणूस मला वीस वर्षांत भेटला नव्हता.

आठव्या किलोमीटरला पाणी घेतलं, अर्धं तोंडात, अर्धं मानेवर. तेव्हा ती खोली आठवली. इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर एक अरुंद खोली होती, तिला खिडकी होती पण समोर भिंत. सगळ्या तपासण्या झाल्यावर, सगळं जुळतंय म्हटल्यावर, देणाऱ्या माणसाला तिथे एकट्याला बसवतात. त्यांची पद्धतच आहे ती. समोर समुपदेशक बाई होत्या. त्यांनी दार लावलं, कडी लागल्याची खात्री केली आणि म्हणाल्या, “मागे फिरायचं असेल तर आत्ता इथे सांगा. बाहेर फक्त ‘योग्य नाही’ एवढंच जाईल. कारण काय ते आम्ही कुणालाच सांगत नाही, पेशंटलाही नाही. तुम्हीही सांगू नका.” मी म्हणालो, “फिरायचा प्रश्नच नाही.” त्यांनी कागदावर काही लिहिलं नाही. नुसत्या बसून राहिल्या, आणि त्या गप्प बसण्यात माझ्या डाव्या कुशीला गार वाटायला लागलं. तिथे आदल्या दिवशी तपासणीवाल्यानं निळ्या पेनानं एक छोटी फुली केली होती. आंघोळीत ती अर्धीच गेली होती. त्या फुलीकडे मी रात्रभर बोट नेत होतो. आत काहीतरी आहे, उबदार, माझं, इतकी वर्षं बिचारं निमूट काम करतंय, आणि कुणीतरी तिथे कापून हात घालणार. मला मरणाची भीती नव्हती वाटत, त्या हाताची वाटत होती. मी म्हणालो, “मला नाही जमणार.” बाईंनी मान हलवली, ठीक आहे म्हणाल्या आणि पाण्याचा पेला पुढे केला. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. त्या पेल्यातलं पाणी मी घटाघटा प्यायलो, आणि मला लाज वाटायच्या आधी हलकं वाटलं.

घरी बायकोला खरं सांगितलं. ती भाजी चिरत होती, सुरी थांबली नाही. म्हणाली, “नाही म्हणालास ना, मग नाही. तुझं शरीर आहे. पण आता दुसरं काही करायला जाऊ नकोस.” बायकोला मी तेवीस वर्षं ओळखतो आणि ती मला त्याहून जास्त. दोन महिन्यांनी संस्थेच्या सभेत कुणीतरी म्हणालं, मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी मॅरेथॉन आहे, आपल्यातून कोण उतरतंय, आणि पुन्हा माझाच हात वर. तोच हात, जो टेबलावर आपटला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ऑफिसात सगळ्यांनी किलोमीटरमागे देणगी लावली, साहेबांनीसुद्धा. घरी सांगितलं तेव्हा बायको एवढंच म्हणाली, “पळ, पळ. पोट सुटलंय नाहीतरी.” आणि दुसऱ्या खोलीत निघून गेली. तेव्हा मला राग आला होता. मला खरंच वाटत होतं की मी काहीतरी करतोय. पहाटे दिवे विझायच्या वेळेला मोकळ्या रस्त्यावरून जाताना मला स्वतःबद्दल इतकं बरं वाटायचं की ते आठवलं तरी आता कानशिलं तापतात.

पंधराव्या किलोमीटरनंतर डाव्या कुशीतच कळ आली. धावणाऱ्याला येते ती साधी कळ, श्वास चुकला की येते, श्वास नीट केला की जाते. मी श्वास नीट केला. ती गेली नाही. शेजारून एक म्हातारा माणूस तुरुतुरु पुढे गेला, जाता जाता म्हणाला, “दाबून धरा, दाबून धरा.” मी दाबून धरली. बोटांखाली घाम, बरगडी आणि मग मऊ भाग. शाळेत आमचं एक बाक होतं, त्यावर ढब्बू भिंतीकडे बसायचा आणि मी वाटेकडे. त्याच्या अंगामुळे मला बाकाचा चतकोर मिळायचा, म्हणून मी त्याचं नाव ढब्बू पाडलं. ते नाव पुढे शाळेनं उचललं, कॉलेजनं उचललं, आता वहिनीही रागावल्या की तेच म्हणतात. माझा खोडरबर रोज हरवायचा. तो काही न बोलता स्वतःचा दातांनी मधोमध तोडायचा आणि अर्धा माझ्याकडे सरकवायचा, ओला. मला किळस यायची. मी तो शर्टाला पुसून घ्यायचो. किती खोडरबर तोडले असतील त्यानं, कधी बघू तुझा असं म्हणाला नाही, कधी कालचा कुठे गेला असंही म्हणाला नाही. न मागता देण्याची ज्याला सवय असते तो मागत का नाही, हे कळायला मला पन्नाशी जवळ यावी लागली. आणि कळून तरी काय उपयोग झाला.

पंचविसाव्या किलोमीटरला ऊन उतरलं अंगावर. माणसं विरळ झाली होती. आता मी मनातल्या मनात जबाब तयार करत होतो. प्रेशर वर-खाली होतं, डॉक्टरही म्हणाले. गोळी चालू केली, त्यानं उतरलं. चार महिने पळालो, वजन सात किलो गेलं, त्यानंही उतरतं. प्रत्येक जबाब चांगला होता. प्रत्येकाला मी सर्व्हेयर म्हणून तीन प्रश्न विचारले आणि प्रत्येक जबाब तिसऱ्या प्रश्नाला पडला. कारण उतरलं असेल तर मग पुढचा प्रश्न सरळ होता. वहिनी तो विचारणारच. उतरलंय ना भावजी, मग आता चाचण्या पुन्हा करून घेऊ या का? हे वाक्य मला त्यांच्या आवाजात इतकं स्पष्ट ऐकू आलं की पाय अडखळला. त्या बोलत होत्या तेव्हा आवाजात संशय नव्हता कदाचित. आशा असेल. पाठीवरून फिरवलेला तो तळहात कागद सपाट करण्यासाठी नसेल. हे मनात आल्यावर मला संशय परवडला असता असं वाटलं.

एकतिसाव्या किलोमीटरला मी बसलो. ठरवून नाही. पदपथाची कड दिसली आणि गुडघे तिकडे वळले. समोर एक बंद दुकान होतं, त्याच्या काचेत लाल चेहऱ्याचा एक माणूस पाय पसरून बसला होता. इथे सोडून द्यावं, पाय मुरगळला म्हणावं, गाडी येईल, दवाखान्यात नेतील, आजचा दिवस तरी निघेल. कुठला पाय, तर उजवा. कसा मुरगळला, तर खड्डा होता. लगेच तपशील सुचायला लागले. तेवढ्यात कमरेला फोन थरथरला.

“थांबलास का रे?” ढब्बू.

“दम घेतोय.”

“घे, घे. ठिपका हलेना म्हणून म्हटलं बघावं.” त्याच्या मागे लाउडस्पीकर कुणाचं तरी नाव पुकारत होता. त्याचा आवाज रोजचाच होता, थोडा खरवडलेला.

“वहिनी आहेत का तिथे?”

“ही काय, शेजारी.”

“काही म्हणाल्या?”

तो जरा थांबला, किंवा लाउडस्पीकरमुळे मला तसं वाटलं. “काय म्हणायचंय? ऊठ आता. बसलास की पाय आखडतात, इन्स्पेक्टर. ये हळूहळू, आम्ही आहोत इथे.”

मी उठलो. का उठलो ते सांगता येणार नाही. तो बघत होता म्हणून उठलो असेन. उरलेले अकरा किलोमीटर मी धावलो असं म्हणणं हाही एक खोटा दावाच होईल. चाललो, लंगडलो, दोनदा ओकारी आली, एकदा कुणीतरी दिलेली साखरेची गोळी चोखली. कळ केव्हा गेली ते समजलं नाही. जबाबही एक एक करून गळून गेले, त्यांना धरून ठेवायची ताकद नव्हती. एवढंच उरलं की तिथे दोन माणसं बसली आहेत आणि मी त्यांच्याकडे चाललोय, आणि दुसरीकडे जाणारा रस्ता दोरी बांधून बंद केलाय.

शेवटची रेषा आली, गेली. कुणीतरी गळ्यात पदक घातलं. मंडपात ढब्बू प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला होता, अंगावर संस्थेचा शर्ट, त्यात त्याच्यासारखे दोन मावले असते. ढब्बू म्हणावं असं आता त्याच्यात काही राहिलेलं नाही, सुजलेले पाय सोडले तर. वहिनी शेजारी उभ्या होत्या. मी त्यांच्या पुढ्यात जमिनीवरच बसलो. त्यांनी पाण्याची बाटली उघडून दिली आणि माझं पिऊन होण्याची वाट बघितली. मग म्हणाल्या, “भावजी, मी ह्यांना सांगितलं प्रेशरचं. मी काय म्हणते, आता इतकं चांगलं आलंय तर...”

“अगं, पळून पळून उतरलंय ते,” ढब्बू मध्येच म्हणाला. “दोन दिवस झोपून काढले की पुन्हा चढेल. त्याच्यावर कसला भरवसा ठेवतेस.”

तो माझ्याकडे बघत नव्हता. मांडीवरच्या फोनकडे बघत होता. तिथे निळा ठिपका रेषेपाशी थांबलेला होता. आणि मला कळलं की त्याला ठाऊक आहे, आजपासून नाही, दुकानातल्या त्या दुपारपासून. चष्म्याच्या दुकानात तक्ता पाठ करून येणारी माणसं असतात, लायसन्ससाठी. अक्षर दिसायच्या आधी ती घडाघडा वाचतात. ढब्बू त्यांना कधी खोटं ठरवत नाही, नुसता तक्ता बदलतो. माझ्यापुढे त्यानं तक्ताही बदलला नव्हता. उलट आता तो मला आणखी एक जबाब पुरवत होता, मी केले होते त्या सगळ्यांपेक्षा चांगला.

“चढलेलं नव्हतंच कधी,” मी म्हणालो. “सगळं जुळलं होतं. मीच नाही म्हणालो.”

वहिनींच्या हातात बाटलीचं झाकण होतं. ते तिथेच राहिलं.

“माहीत आहे रे,” ढब्बू म्हणाला.

“मग मला पळू का दिलंस?”

“तुला बरं वाटत होतं.” त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या कडेनं पुसला. “रोज पहाटे फोन करून सांगायचास, आज आठ झाले, आज बारा झाले. इतका आनंदी मी तुला शाळेत पण बघितला नव्हता. म्हटलं, असू दे. माझ्यामुळे कुणाचं तरी काहीतरी बरं होतंय.”

मला वाटलं मी रडेन, पण अंगात पाणीच नव्हतं. तो चष्मा घालून पुढे वाकला, इतका की त्याच्या श्वासाचा औषधी वास आला.

“एक गोष्ट मात्र राहून गेली. मी तुला कधी विचारलंच नव्हतं. तू आधीच हो म्हणालास, आणि मग आधीच नाही. मधे मला जागाच दिली नाहीस. आता विचारतो. देशील? हो म्हण, नाही म्हण, काहीही म्हण. फक्त आकडे सांगू नकोस.”

पलीकडे कुणाचा तरी सत्कार चालला होता, टाळ्या पडत होत्या. मी त्याच्या हाताकडे बघितलं, जिथे कातडीखाली शीर सुतळीच्या गाठीसारखी वर आली होती. मग मनातल्या त्या खोलीकडे बघितलं, त्या गार फुलीकडे, त्या आत येणाऱ्या हाताकडे. बेचाळीस किलोमीटर पळून आलो होतो आणि ती भीती जागची हललेली नव्हती, उलट आता माझ्यापाशी दम नसल्यामुळे ती स्वच्छ दिसत होती. हो म्हणायला मला एक क्षणही लागला नसता. मी तो शब्द जन्मभर तसाच म्हणत आलो होतो.

“नाही,” मी म्हणालो. “भीती वाटते. नाही जमणार मला, ढब्बू.”

त्यानं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला. मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला लागला, आणि मी बसल्या जागेवरून हात दिला, तो त्यानं धरला. उभा राहिल्यावर म्हणाला, “ठीक आहे. झालं एकदाचं. सोमवारी सात वाजता मशीन आहे, सोडायला येशील?”

“येतो.”

“नको,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी बाटलीला झाकण लावलं, घट्ट फिरवलं, आणि नवऱ्याच्या दुसऱ्या दंडाला धरलं. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. “आमचं आम्ही जाऊ.”

ढब्बूनं माझा हात अजून सोडला नव्हता. वहिनी पुढे ओढत होत्या, तो दोघांच्या मध्ये थोडा कलून उभा होता, आणि सोडवायचा कुणी ते आम्हा दोघांनाही ठरवता येत नव्हतं. शेवटी मी माझा काढून घेतला.